एबीएसचा दिवा लागला असता: जुन्या गाडीतील दोष घरी कसा शोधावा

इग्निशन सुरू करताच डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो आणि दोन-तीन सेकंदांत विझतो. तेवढ्या वेळात यंत्रणा स्वतःची तपासणी करून घेते. तो विझलाच नाही, किंवा गाडी थोडी पुढे गेल्यावर पुन्हा लागला, तर दोष आढळल्यामुळे कंट्रोल युनिटने एबीएस बंद ठेवले आहे, असे समजावे. साधे ब्रेक तरीही लागतात, परंतु जोरात दाबल्यास चाके जाम होऊ शकतात. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल आणि हँडब्रेक पूर्ण खाली असेल, तर मात्र गाडी रस्त्यावर नेऊ नये. अशा वेळी ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते, आणि मग मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो.

इग्निशन सुरू करूनही दिवा क्षणभरदेखील लागत नसेल, तर ती अधिक संशयास्पद बाब आहे. जुनी गाडी विकताना दोष झाकण्यासाठी बल्ब काढून ठेवणे किंवा त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडणे, असे प्रकार होतात.

भारतात नव्या मॉडेलच्या प्रवासी गाड्यांना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. त्यापूर्वी अनेक गाड्यांत ते केवळ महागड्या व्हेरियंटमध्ये मिळत असे, म्हणजेच एकाच मॉडेलचे एबीएस असलेले आणि नसलेले असे दोन प्रकारचे सुटे भाग बाजारात होते. दिवा नेमका ड्राइव्ह शाफ्ट, हब किंवा चाकाचे बेअरिंग बदलल्यानंतर लागू लागला असेल, तर एबीएस नसलेल्या व्हेरियंटचा भाग बसवला गेला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. त्या भागावर टोन रिंग, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी दातेरी कडीच नसते, आणि मग चाकाचा वेग मोजणारा सेन्सर कितीही नवा आणला तरी त्याला मोजण्यासारखे काही मिळत नाही.

प्रत्यक्ष तपासणीची सुरुवात बॉनेट उघडून करावी. ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, बॅटरीचा व्होल्टेज मोजावा आणि इंजिन चालू असताना तो साधारण १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आहे का, हे पाहावे; थकलेली बॅटरी किंवा सैल झालेली अर्थिंगची वायर एवढ्यावरही एबीएसचा दिवा लागतो. एबीएसला बहुधा एकाहून अधिक फ्यूज असतात आणि पंपाच्या मोटारीचा मोठा फ्यूज अनेकदा बॅटरीजवळच्या पेटीत असतो, त्यामुळे केवळ स्टिअरिंगखालची पेटी पाहून थांबू नये. ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात आणि सोडल्यावर विझतात, याचीही खात्री करावी, कारण ब्रेकच्या स्विचचा संकेत कंट्रोल युनिटकडेही जातो. चारही टायर एकाच मापाचे असावेत, नाहीतर चाकांचे वेग जुळत नाहीत. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा हार्नेसवरून, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरून, एकदा हात फिरवावा.

यानंतर स्कॅनर, म्हणजे कंट्रोल युनिटने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे उपकरण, लावावा. बाजारातील स्वस्त ब्लूटूथ उपकरणे बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. एबीएसचे कोड वाचू शकणारे उपकरण किंवा ॲप आपल्या मॉडेलसाठी चालते का, हे विकत घेण्याआधी पाहावे. सर्वसाधारण कोडांमध्ये सी००३५ हा पुढच्या डाव्या, सी००४० पुढच्या उजव्या, सी००४५ मागच्या डाव्या आणि सी००५० मागच्या उजव्या चाकाच्या सेन्सर सर्किटचा असतो. कंपन्यांचे स्वतःचे कोड याहून वेगळे असू शकतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कोड चाक सांगतो, बिघडलेला भाग सांगत नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, रिंग, वायर, कनेक्टर आणि कंट्रोल युनिट हे सर्वच, आणि कोड पाहून थेट सेन्सर मागवणे हा पैसे वाया घालवण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग आहे.

स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकाच वेळी दिसत असेल, तर निदान बरेच सोपे होते. मोकळ्या रस्त्यावर एकाने गाडी सरळ चालवावी आणि दुसऱ्याने शेजारी बसून आकडे वाचावेत. एका चाकाचा आकडा सतत शून्य असेल, तर तुटलेली वायर किंवा मेलेला सेन्सर संभवतो. वेग कमी होताना एकच आकडा इतरांच्या आधी शून्यावर येत असेल, तर सेन्सर आणि रिंग यांतील अंतर वाढले आहे किंवा मध्ये गंज व घाण साचली आहे. चाकाच्या प्रत्येक फेरीला आकडा एकदा दचकत असेल, तर रिंगला तडा गेलेला असतो किंवा तिचा दात तुटलेला असतो. सिग्नलवर गाडी अगदी हळू थांबवताना पेडल विनाकारण थरथरत असेल आणि दिवा मात्र लागत नसेल, तर त्याचे कारणही बहुधा याच शेवटच्या दोहोंपैकी एक असते. कोकणपट्टीतील खाऱ्या हवेत वापरलेल्या गाड्यांत हा दोष विशेष दिसतो, कारण सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगतो आणि सेन्सर रिंगपासून वर उचलला जातो.

संशयित चाक उघडताना गाडी सपाट जागी लावावी, इतर चाकांपुढे-मागे दगड किंवा लाकडी ठोकळे ठेवावेत आणि केवळ जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड लावावा. सेन्सरपासून निघणारी वायर हाताने चाचपावी. स्टिअरिंग वळताना आणि चाक खड्ड्यात आपटताना ती जिथे वाकते, तिथेच ती आतून तुटते आणि वरचे रबर अखंड दिसते. कनेक्टर उघडून हिरवट गंज आहे का, हे पाहावे.

मल्टिमीटर लावण्यापूर्वी सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे, हे आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतून ठरवावे. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे गुंडाळी असलेल्या सेन्सरचा रोध साधारण ८०० ते २००० ओहम असतो. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो, म्हणून त्याच अक्षावरच्या दुसऱ्या चाकाचा सेन्सर मोजून तुलना करणे अधिक विश्वासार्ह ठरते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवले असता थोडा व्होल्टेज दिसावा आणि वेगाबरोबर तो वाढावा. मीटर जोडलेला असतानाच वायर हलवून पाहावी. आकडा उड्या मारू लागला, तर तुटलेली जागा सापडली. नव्या पद्धतीच्या सक्रिय सेन्सरला मात्र रोध मोजणारा मीटर लावू नये, कारण त्यातून काही कळत नाही आणि आतील चिपला अपाय होऊ शकतो. अशा सेन्सरचा कनेक्टर काढून गाडीकडच्या बाजूला पुरवठा येतो का, एवढेच इग्निशन सुरू केल्याबरोबर मोजावे.

सक्रिय सेन्सर असलेल्या अनेक गाड्यांत दातेरी रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटे बसले, तर पट्टी सेन्सरपासून दूर जाते आणि संकेत बंद होतो. बेअरिंग नवे, सेन्सर नवा आणि दिवा तरीही पेटलेला, या कोड्याचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते.

सेन्सर बाहेर काढताना घाई करू नये. बोल्ट सहज निघतो, पण सेन्सर गंजाने नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब धरून ठेवणाऱ्या भागात, घट्ट बसलेला असतो. गंज सोडवणारे तेल फवारून बराच वेळ थांबावे आणि तो किंचित डावी-उजवीकडे वळवत वर घ्यावा. हातोडीने ठोकल्यास तो तुटतोच. तेलाचे शिंतोडे डिस्क आणि पॅडवर उडू देऊ नयेत. भोक आणि बैठक बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करून सेन्सर पूर्ण खाली टेकेल असा बसवावा.

चारही चाकांचे आकडे नीट येत असतील आणि कोड पंपाच्या मोटारीचा किंवा व्हॉल्व्हचा असेल, तर फ्यूज, रिले आणि अर्थिंग तपासून घरचे काम तिथेच थांबवावे. पंप व व्हॉल्व्ह असलेल्या हायड्रॉलिक युनिटचे पाइप उघडल्यास आत हवा शिरते, आणि ती काढताना स्कॅनरने व्हॉल्व्ह व पंप चालवावे लागतात. गॅरेजमध्ये संपूर्ण युनिट बदलण्याचा सल्ला मिळाल्यास आपण नोंदवलेले आकडे दाखवावेत आणि केवळ इलेक्ट्रॉनिक भागाची दुरुस्ती शक्य आहे का, हे आधी विचारावे. जुन्या युनिटांत आतील सोल्डरिंगला तडे गेलेले असतात आणि ते दुरुस्त करणारे कारागीर शहरांत मिळतात.

दुरुस्तीनंतर कोड पुसावा आणि गाडी थोडी चालवावी, कारण अनेक गाड्यांत चाकांचा वेग प्रत्यक्ष दिसल्यानंतरच दिवा विझतो. मग मागेपुढे कोणी नसलेल्या, खडी पसरलेल्या सरळ रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास ब्रेक जोरात दाबून धरावा. पेडल पायाखाली थरथरले, बॉनेटखालून घरघर ऐकू आली आणि स्टिअरिंग वळत राहिले, तर एबीएस पुन्हा काम करू लागले आहे.