वाचनालयात काउबॉय नटावर एका संध्याकाळचा कार्यक्रम कसा बसवावा

गावच्या वाचनालयात जुन्या हॉलिवूडवर कार्यक्रम करायचा झाल्यास एकच नट निवडावा आणि त्याच्या एकाच निर्णयाभोवती सगळी संध्याकाळ गुंफावी. मी ‘होपालाँग कॅसिडी’ हा काउबॉय पडद्यावर साकारणारे विल्यम बॉइड निवडतो, कारण पडदा बदलला तरी नट कसा टिकतो, हे त्यांच्या वाटचालीतून फार स्वच्छ दिसते.

सुरुवात जन्मसालापासून करू नये. फोंडा तालुक्यातील एका वाचनालयात मी ती चूक केली; १८९५ सालचा ओहायोतील जन्म आणि मूकपटांतील भूमिका सांगून होईपर्यंत मागच्या बाकांवरची मुले अंगणात पोहोचली होती. पुढच्या खेपेस मी आधी दृश्य दाखवले. काळ्या पोशाखातला, पिकल्या केसांचा स्वार आणि त्याचा पांढराशुभ्र घोडा टॉपर. कृष्णधवल चित्रात ही जोडी लांबूनही ओळखू येते आणि पुढे दूरचित्रवाणीच्या लहानशा काचेवरही ती हरवली नाही, हे चित्र थांबवून, बोट ठेवून दाखवावे.

त्यानंतर व्यक्तिरेखेकडे वळावे. क्लॅरेन्स मलफर्ड यांच्या कथांतला कॅसिडी रांगडा आणि शिवराळ होता. बॉइड यांनी त्याला निर्व्यसनी, सभ्य केले. १९३५ ते १९४८ या काळात या मालिकेचे ६६ चित्रपट निघाले.

सर्वांत अधिक वेळ मात्र हक्कांच्या खरेदीला द्यावा. मूळ निर्मात्याने मालिका सोडल्यावर बॉइड यांनी शेवटचे चित्रपट स्वतः काढले आणि राहती मालमत्ता विकून, कर्ज काढून, सुमारे ३,५०,००० डॉलरला जुन्या चित्रपटांचे हक्क मिळवले. मोठे स्टुडिओ तेव्हा आपले चित्रपट दूरचित्रवाणीला देण्यास तयार नव्हते, त्यामुळे नव्या वाहिन्यांना कार्यक्रमांची चणचण होती. जून १९४९ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर हे चित्रपट काटछाट करून दिसू लागले आणि नंतर खास अर्ध्या तासाचे नवे भागही निघाले. १९५० मध्ये कॅसिडीचे चित्र असलेला मुलांचा जेवणाचा पत्र्याचा डबा वर्षभरात सहा लाखांच्या घरात खपला. असा एखादा डबा टेबलावर ठेवता आला नाही, तरी त्याचे छायाचित्र मोठे करून लावावे.

येथे आपल्या श्रोत्यांना मंगेशीच्या दीनानाथांची आठवण जरूर द्यावी. १९१८ मध्ये सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी उभारून तेही नट आणि मालक झाले होते. नटाने मालकीची जोखीम उचलणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या नाट्यवेड्या माणसाला मग निराळे समजावून सांगावे लागत नाही.

व्यवस्थेबाबत थोडेच सांगतो. चवथीचे दिवस टाळावेत आणि पावसाळाही टाळावा, कारण पत्र्याच्या छपरावर सर कोसळू लागली की जुन्या ध्वनिफितीतला एक शब्दही कानी पडत नाही. प्रदर्शनाचे हक्क आधी तपासावेत. शेवटी एका मूळ चित्रपटातला प्रसंग आणि नंतर दूरचित्रवाणीसाठी काढलेल्या भागातला प्रसंग, दहा-दहा मिनिटे, मध्ये काहीही न बोलता सलग दाखवावा आणि दिवे लागल्यावर पहिला प्रश्न मुलांना विचारू द्यावा.