छोट्या पीसीत रॅम पळवताय? मदरबोर्डात सेटिंग कमी असतील तर या चुका टाळा

दिवाळीला खानापूरहून मावसभाऊ आला तो फराळाच्या डब्याखाली पिशवीत पीसी घेऊनच. कुठल्यातरी ऑफिसातनं निघालेला सेकंडहँड, आय-फाइव्ह ८५००टीवाला, जाडजूड वहीएवढा. टेबलावर ठेवला आणि चहा यायच्या आधीच सुरू, "दादा, रॅम ३२०० ची घेतलोय, मशीन २४०० च दाखवूलालंय. फसवला काय त्यानं, बघ की."

फसवलं कुणी नव्हतं. रॅम खरंच ३२०० वेगाची होती, चुकीच्या मशीनसाठी घेतलेली होती एवढंच. बेळगावात माझ्याकडे असे छोटे डबे घेऊन येणाऱ्यांची हीच तक्रार सगळ्यात जास्त असते म्हणून आधी हीच सांगतो.

खोक्यावरचा मोठा आकडा बघून रॅम घेणं

प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक बारकी चिप असते, तिच्यात त्या रॅमची कुंडली लिहिलेली असते, तिला एसपीडी म्हणतात. त्यात दोन प्रकारचे आकडे असतात. एक जेडेकचे, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेले, डीडीआर४ ला १.२ व्होल्टवर चालणारे. दुसरे एक्सएमपीचे, म्हणजे कंपनीनं स्वतः टेस्ट करून दिलेले ओव्हरक्लॉकचे, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर पळवायचे आकडे, बहुतेक वेळा १.३५ व्होल्टचे. रॅमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती क्लॉक घेते तो आकडा) हा एक्सएमपीचा आकडा असतो, आणि त्याच पट्टीचा जेडेकचा आकडा २१३३ किंवा २४०० असू शकतो, तो खोक्यावर कुणी मोठा करून छापत नाही.

आता ऑफिसवाल्या छोट्या मशीनच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडते ती मशीनच्या सेटिंगची जागा) मेमरीचं पानच नसतं. एक्सएमपी चालू करायचं बटण नाही, व्होल्टेज नाही, काही नाही. बोर्ड फक्त जेडेकचे आकडे वाचतो आणि गप चालू होतो. भावाच्या पट्टीत जेडेक २४०० पर्यंतच लिहिलेलं होतं, मग मशीन तरी काय करणार?

अशा मशीनला रॅम घ्यायची तर जेडेकच ३२०० असलेली, सीएल२२, १.२ व्होल्टवाली, साधी हिरव्या पट्टीची घ्यायची. दिसायला भिकार, हीटसिंक नाही, लाइट नाही, पण ती वरच्या वेगाची असल्यामुळे प्रोसेसरला जेवढं झेपतं तेवढ्यावर आपोआप उतरते. ८५००टीला २६६६ झेपतं, तर ती २६६६ वर सीएल१९ नं चालते. उलटं होत नाही, २४०० ची पट्टी आपोआप वर चढत नाही. थोडक्यात ज्या बोर्डात सेटिंग नाही तिथं ओव्हरक्लॉक बायोसमध्ये होत नसतो, दुकानात पैसे देतानाच काय तो होतो. घ्यायच्या आधी त्या मॉडेलची डेटाशीट उघडून एसपीडी स्पीड असं काय लिहिलंय ते बघा, टेस्टेड स्पीड म्हणजे एक्सएमपीचा, तो वेगळा असतो. रॅम आधीच घरात असेल तर सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एसपीडीचं पान उघडा, सगळे कॉलम दिसतात.

आणि हो, सीपीयू-झेडमध्ये १२०० दिसलं म्हणून बोंब मारू नका. डीडीआर म्हणजे डबल, एका क्लॉकला दोनदा डेटा जातो, म्हणून १२०० म्हणजेच २४०० आणि १६०० म्हणजे ३२००. यावरनं खडे बाजारात एकाचं भांडण होताना मी स्वतः बघितलंय.

एसपीडीवर नवीन आकडे लिहायची सॉफ्टवेअरं पण मिळतात, थायफून बर्नर वगैरे. वाचायला वापरा. लिहायला जाऊ नका, एकदा चुकीचं लिहिलं तर ती पट्टी मशीन ओळखतच नाही आणि ती परत लिहायला दुसरं चालू मशीन लागतं.

एकच पट्टी

भावाचं मशीन उघडलं (मागचा एक स्क्रू, झाकण सरकवलं, पंख्याखाली खानापूरची लाल धूळ अशी बसलेली की बोटानं नाव लिहावं) तर आत १६ जीबीची एकच पट्टी. म्हटलं अरे बाबा, तू २४०० का २६६६ करत बसलायस आणि अर्धा रस्ताच बंद आहे की तुझा.

हिशोब बघा. २४०० वर एक पट्टी म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी, दोन पट्ट्या म्हणजे ३८.४. तेच २४०० चं २६६६ केलं तर दोन पट्ट्यांवर ३८.४ चं ४२.७ होतं. म्हणजे एवढी मारामारी करून जे मिळतं त्याच्या कितीतरी पट फक्त रिकामा स्लॉट भरून मिळतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हे जास्तच लागू, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याच रॅममधनं खातं. एएमडी रायझनच्या जी वाल्या, म्हणजे ग्राफिक्स आतच असलेल्या चिपवर तर एक पट्टी टाकून गेम खेळणं म्हणजे बैलगाडीला एकच बैल जुंपल्यासारखं.

लेटन्सीचा, म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती वेळ घेते त्याचा हिशोब पण सोपा आहे, सीएलला २००० नं गुणा आणि वेगानं भागा, नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०, ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५, २६६६ सीएल१९ म्हणजे १४.२५ आणि २४०० सीएल१७ म्हणजे १४.१७. शेवटचे दोन बघा, जवळपास सारखेच. भावानं ती पट्टी परत देऊन ८-८ च्या दोन साध्या ३२०० वाल्या घेतल्या, वर थोडे पैसे पण वाचले.

चिपसेट न बघता व्हिडिओ बघणं

व्हिडिओतला माणूस बायोस उघडतो, चार आकडे बदलतो, झालं. त्याचा बोर्ड झेड किंवा एक्स सिरीजच्या चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप, काय बदलता येईल ते तिच्यावर ठरतं) असतो हे आपल्या लक्षात येत नाही. इंटेलच्या एच४१०, बी४६० वर मेमरी ओव्हरक्लॉक नाहीच, आय-फाइव्ह १०४०० टाकला की २६६६, विषय संपला. बी५६० पासनं इंटेलनं बी सिरीजला मेमरी मोकळी केली, एच५१० आणि एच६१० ला नाही. बी६६० वर मेमरी मोकळी आहे पण नावात के नसलेला प्रोसेसर असेल तर सिस्टम एजंटचं (प्रोसेसरमधला मेमरी सांभाळणारा भाग) व्होल्टेज लॉक असतं, म्हणून डीडीआर४ फार वर चढवली की गिअर वनमध्ये (मेमरी कंट्रोलर रॅमच्याच वेगानं चालतो तो मोड) टिकत नाही. एएमडीकडे ए५२० वर सीपीयू ओव्हरक्लॉक नाही पण एक्सएमपी आणि मेमरी बहुतेक बोर्डांवर चालते, बी५५० वर दोन्ही. बोर्डात जे नाही ते बायोस अपडेट करून येईल ही आशा सोडा, एखाद्याचं येतं पण त्या भरवशावर मशीन घेऊ नये.

चालू झालं म्हणजे जमलं असं समजणं

ही माझी स्वतःची चूक, आणि घरात अजून ऐकून घ्यावं लागतं. माझा डबा रायझन ५६००जी चा, ए५२० चा मिनी-आयटीएक्स बोर्ड, मेमरीच्या पानावर फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज आणि मोजून पाच टायमिंग (सीएलसारखे आकडे). रॅम ३२०० सीएल१६. मी सरळ ३६०० केलं, व्होल्टेज तेच १.३५, बाकी ऑटो. विंडोज चालू झालं, गेम चालला, मी खूश. दोन दिवसांनी वहिनींनी गणपतीतल्या फोटोंचं मेमरी कार्ड दिलं, हार्ड डिस्कवर टाक म्हणाल्या. टाकलं, कार्ड पुसून परत दिलं. आठवड्यानं फोटो उघडतात तर वीसेक फोटो अर्धे, वर आरती आणि खाली नुसता राखाडी पट्टा. कॉपी होताना डेटा रॅममधनं जातो आणि रॅम मधनंच एखादा बिट चुकवत होती, कुठं निळा पडदा नाही, एरर नाही, गुपचूप.

त्यामुळं आता माझा नियम असा, मेमरीचा आकडा बदलला की पहिला बूट विंडोजमध्ये नाही, पेन ड्राइव्हवरच्या मेमटेस्ट८६ या रॅम तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये. फुकटच्या आवृत्तीत चार पास होतात, रात्री लावून झोपायचं. एक जरी एरर आली तरी ते सेटिंग नापास, "एकच आहे की ओ" चालत नाही. पण नुसता मेमटेस्ट पण पुरत नाही, कारण त्यावेळी ग्राफिक्स निवांत बसलेलं असतं, डबा तापतच नाही. म्हणून नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी ही तसलीच टेस्ट लावायची आणि सोबत ग्राफिक्सवर पण लोड द्यायचा. मध्ये विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA) नावाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या एरर येतायत का ते बघायचं. आणि हे सगळं होईपर्यंत त्या मशीनवर कुणाचेही फोटो, टॅलीचा डेटा, काही ठेवायचं नाही.

डीडीआर४ च्या रायझनवाल्यांनी अजून एक बघायचं, झेनटायमिंग्ज नावाचं सॉफ्टवेअर उघडलं की एफक्लॉक (प्रोसेसरच्या आतल्या रस्त्याचा), यूक्लॉक (मेमरी कंट्रोलरचा) आणि एमक्लॉक (रॅमचा) असे तीन आकडे येतात, तिन्ही सारखे पाहिजेत. कमी सेटिंगच्या बोर्डात कधीकधी रॅमचा आकडा वर जातो आणि यूक्लॉक गुपचूप अर्ध्यावर येतो, मग ३२०० पेक्षा नवीन आकडाच हळू चालतो आणि माणूस म्हणतो ओव्हरक्लॉकनं काही होत नाही. ३६०० असेल तर तिन्हीकडे १८००.

माझं शेवटी ३२०० लाच ठेवलंय, टायमिंग थोडं घट्ट केलंय. बोर्डात सबटायमिंगला (मुख्य टायमिंगच्या खालचे बारीक आकडे) हात लावता येत नसेल तर वरच्या आकड्यामागं धावण्यात अर्थ नाही, ऑटो त्या आकड्याला टायमिंग एवढं सैल सोडतं की मिळवलेलं सगळं तिथंच जातं.

थंडीत सेट केलेलं उन्हाळ्यात तसंच ठेवणं

आपल्याकडं डिसेंबरात गार असतं, मशीन पण गार, टेस्ट पास. एप्रिलात पारा ३५ च्या वर गेला आणि तोच डबा टीव्हीच्या कपाटात, शेजारी सेट टॉप बॉक्स, खाली यूपीएस. मग दुपारी गेम बंद पडतो आणि रात्री चालतो, लोक म्हणतात व्हायरस आलाय. रॅम तापली की तिच्यातला चार्ज लवकर गळतो, म्हणून जेडेकनंच ८५ डिग्रीच्या वर रिफ्रेश दुप्पट करायला सांगितलंय, ७.८ मायक्रोसेकंदाचा ३.९. ओव्हरक्लॉक केलेली रॅम तर ५०-५५ लाच कुरकुर करायला लागते. लॅपटॉपसारख्या छोट्या पट्ट्या बोर्डाच्या पोटाखाली असतील तर तिथं वारा पोचतच नाही. डब्याखाली चार रबरी पाय लावून एक सेंटीमीटर उचला, कपाटातनं बाहेर काढा, वर्षातनं दोनदा ब्लोअर मारा. मग सेटिंगला दोष द्या.

डिस्प्ले गेला की मशीन मेलं असं समजणं

निपाणीचा एक मित्र असाच. आकडा बदलला, पडदा काळा, पंखा फिरूलालाय पण काही दिसेना. बिचारा मशीन मांडीवर घेऊन बसनं बेळगावला आला. मी अडॅप्टर काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, एसएसडी उचलली, खाली वायरवाली सीआर२०३२ बॅटरी होती तिचा प्लग काढला. चहा पिऊन झाल्यावर परत लावला, चालू. तो म्हणाला, "एवढंच काय?" म्हटलं एवढंच, बॅटरी काढली की बायोसमधले बदललेले आकडे पुसतात, बसचं तिकीट मात्र तुझं तू बघ.

घाई पण करू नका. आकडा बदलल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे नवीन आकड्याला रॅम जुळवून बघतो, तीनचार वेळा स्वतःच बंद-चालू होतो, डीडीआर५ वाल्या नव्या मशीनला तर पहिल्यांदा काही मिनिटं पण लागतात. पाच-दहा मिनिटं हात न लावता थांबा. नाहीच आलं तर एक पट्टी काढून बघा, मग बॅटरी किंवा बोर्डावर क्लिअर सीमॉसच्या, म्हणजे बायोसची सेटिंग पुसायच्या दोन पिना असतील तर त्या स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर जोडा, अडॅप्टर काढलेला असताना.

व्होल्टेज अंदाजानं देणं

डीडीआर४ ला १.३५ पर्यंत बिनधास्त. बोर्डात १.२ च असेल आणि बदलता येत नसेल तर १.३५ वाला एक्सएमपी आकडा त्यावर जबरदस्तीनं चालवू नका, वरचा सगळा फोटोंचा किस्सा परत होईल. डीडीआर४ च्या रायझनला एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) ऑटोवर असेल तर एक्सएमपी चालू केल्यावर ते किती झालंय बघा, १.१ च्या आसपास पुरतं, १.२ च्या वर जाऊ देऊ नका. आणि आतलं ग्राफिक्स पण पळवायचा विचार असेल तर आधी अडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा. १९ व्होल्टचा १२० वॅटचा म्हणजे जेमतेम ६.३ अँपिअर, त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स, एसएसडी, यूएसबीला लावलेला फोन, सगळं आलं. लोड आल्यावर मशीन फट्कन बंद पडत असेल तर ते रॅमचं नसून अडॅप्टरचं पण असू शकतं.

राहिलं बायोस अपडेट. जूनपासनं गणपतीपर्यंत लाईट कधी जाईल सांगता येत नाही, यूपीएसशिवाय करूच नका, आणि करायच्या आधी मेमरी परत डिफॉल्टवर आणा, चुका करणाऱ्या रॅममधनं बायोस लिहिला तर बॅटरी काढून पण उपयोग नाही. अपडेटनंतर सगळे आकडे पुसले जातात, तेवढं आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. फोटो मोबाइलमध्येच राहू दे, त्याच मशीनवर टाकू नका.