पावसाळ्यात ग्लोव्हबॉक्स: सामान आत नेण्याआधीची तयारी

जून ते सप्टेंबर नाशिकच्या हवेत ओल भरलेली असते. ती ग्लोव्हबॉक्समध्ये (हवा आणि ओल वर्ज्य असलेली, बसवलेल्या हातमोज्यांतून आत काम करायची बंद पेटी) शिरते बहुतेक वेळा आपण आत नेलेल्या सामानाबरोबर. गळती शोधत बसण्याआधी सामान तपासा. तयारी आदल्या संध्याकाळीच हवी. काचसामान 120 अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी गरम असतानाच अँटीचेंबरमध्ये (सामान आत नेण्याची दोन दारांची छोटी कोठी) सरकवा. बाहेर निवू दिलं की काच पुन्हा ओल धरते. पुठ्ठ्याची खोकी आत नेऊच नका. टिश्यू पेपर गठ्ठा सुटा करून व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर सुकवा.

रिकाम्या बाटल्यांची झाकणं सैल हवीत. झाकण घट्ट राहिलं तर बाहेरची हवा बाटलीत तशीच राहते आणि ती आत उघडताच ऑक्सिजनचा मीटर उसळतो. भुकटीच्या उघड्या बाटलीवर टिश्यू रबरबँडने बांधा, नाहीतर व्हॅक्यूम ओढताना भुकटी उडून पंपाच्या तेलात जाते. सॉल्व्हंट (द्रावक) मात्र गोठवणं, व्हॅक्यूम देणं, वितळवणं अशा तीन फेऱ्या करूनच, घट्ट बंद फ्लास्कमध्ये न्या.

अँटीचेंबरचं दार लावण्याआधी ओ-रिंगवरून (दाराच्या कडेच्या रबरी कड्यावरून) बोट फिरवा. एखादा केस किंवा काचेचा कण अडकला असेल तर सील बसत नाही.

अँटीचेंबरच्या फेऱ्या (हवा ओढून शुद्ध वायू भरणं) तीन, घाई असली तरी तीनच. पंप 10 मिलिबारपर्यंत ओढत असेल तर पहिल्या फेरीनंतर ऑक्सिजन सुमारे 2200 पीपीएम (दहा लाखांत 2200 भाग) उरतो, दुसरीनंतर 24, तिसरीनंतर पाव पीपीएम. काचेला चिकटलेलं पाणी या हिशेबाने जात नाही. त्याला वेळच द्यावा लागतो, म्हणून सच्छिद्र सामान रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवा. आणखी एक गोष्ट: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, इथला हवेचा दाब 940 मिलिबारच्या आसपास असतो. साध्या गेजचा काटा उणे 1 बारला टेकणारच नाही. उणे 0.94 ला थांबला म्हणून पंप बिघडला असं समजू नका.

अंगठी, घड्याळ काढा. ब्युटाइलच्या हातमोज्यांवर आत नायट्राइलचे मोजे चढवा, सुया वापरताना तर हमखास.

सॉल्व्हंट उघडण्याआधी सर्क्युलेशन (आतला वायू शुद्धीकरणातून फिरवणं) बंद करा. त्याची वाफ मॉलिक्युलर सीव्हमध्ये (ओल शोषणाऱ्या दाण्यांमध्ये) भरते. गंधकाची आणि क्लोरिनची संयुगं ऑक्सिजन काढणारा तांब्याचा कॅटॅलिस्ट कायमचा मारतात, मग हायड्रोजन मिसळलेल्या वायूने रिजनरेशन (पुन्हा ताजा करणं) करूनही तो परतत नाही. काम संपल्यावर बाटल्या बंद करा, ताज्या वायूने पर्ज करा (आतली वाफ बाहेर हाकला), मगच सर्क्युलेशन सुरू करा. लिथियम हाताळायचं असेल तर बॉक्समध्ये आर्गॉनच हवा, कारण लिथियम नायट्रोजनशीही अभिक्रिया करतं.

ऑक्सिजनचा मीटर दिवसेंदिवस एकच आकडा दाखवत असेल तर सेन्सर मेलेला असू शकतो. आत डायएथिलझिंकची (ऑक्सिजन किंवा ओल लागताच धुरावणारं संयुग) बाटली क्षणभर उघडा. पांढरा धूर दिसला तर संवेदनशील काम त्या दिवशी सुरू करू नका.