फोन आपला, हात मुलाचा

मुलांच्या इंटरनेट-सुरक्षिततेविषयी जे सल्ले दिले जातात, त्यांत मुलाकडे स्वतःचे वेगळे उपकरण आहे असे बहुधा गृहीत धरलेले असते. अनेक घरांतील चित्र निराळे असते. आईचा स्वयंपाक उरकेपर्यंत तिचाच मोबाईल सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती असतो, आणि त्यात तिचे बँकेचे ॲप, तिचे व्हॉट्सॲप, तिने कधीतरी पाहिलेल्या गुन्हेगारीच्या बातम्या आणि तिच्या वयाला साजेशा जाहिराती हे सगळे जसेच्या तसे असते. समोर पस्तिशीची व्यक्ती आहे असे समजूनच ते यंत्र मुलाला पुढचा व्हिडिओ दाखवते. म्हणून वेगळा फोन घेऊन देण्याचा विषय येथे बाजूला ठेवला आहे. आपलाच फोन मुलाच्या हाती देताना काय करावे, एवढेच पाहू.

पहिले काम पैशांचे, कारण ते दहा मिनिटांत होते. यूपीआयने पैसे देताना पिन विचारला जातो म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या खर्चासाठी आधीच वेगळे काढून ठेवलेल्या पैशांची सोय, सुरू असेल, तर एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनविनाच होऊ शकतो. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ही सोय बंद ठेवावी, नाहीतर तिच्यात अगदी थोडी रक्कम ठेवावी. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीच्या वेळी ओळख पटवून घेण्याचा पर्याय असतो, तो निवडावा आणि फोनमध्ये मुलाच्या अंगठ्याचा ठसा नोंदवलेला नाही ना, हेही पाहावे. हट्टापायी तो नोंदवून दिला जातो आणि नंतर विसरला जातो.

यानंतर ॲप पिन करण्याची, म्हणजे फोन एकाच ॲपवर अडकवून ठेवण्याची, सवय लावून घ्यावी. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये ही सोय असते. ती सुरू करताना ‘बाहेर पडण्यापूर्वी पिन विचारा’ हा पर्यायही निवडला, की मूल उघडून दिलेल्या ॲपमधून आपल्या व्हॉट्सॲपवर किंवा फोटोंच्या दालनात जाऊ शकत नाही. आयफोनमध्ये हेच काम ‘गायडेड ॲक्सेस’ करते. काही अँड्रॉइड फोनवर मुलासाठी स्वतंत्र वापरकर्ता तयार करता येतो; तशी सोय असेल तर ती अधिक चांगली, कारण आपल्या खात्याचा इतिहास आणि मुलाचा इतिहास एकमेकांत मिसळत नाहीत.

ही सरमिसळ सर्वांत जास्त यूट्यूबवर होते. लहान मुलाला आपल्या खात्यावरील यूट्यूब देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी यूट्यूब किड्स वापरावे. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे वयोगट आहेत, परंतु माझ्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग ‘केवळ पालकांनी मंजूर केलेले’ या पर्यायात आहे. तो निवडल्यावर शोधण्याची सोय बंद होते आणि आपण निवडलेले व्हिडिओ व वाहिन्याच दिसतात. त्यासाठी एखाद्या रविवारी तास-दीड तास मुलासोबत बसून निवड करावी लागते, आणि मुलाला काय आवडते हे आपल्याला बहुधा तेव्हाच नीट कळते. ॲपमध्ये वेळ लावण्याचीही सोय आहे. वेळ संपल्यावर ॲप स्वतःच थांबते, त्यामुळे फोन हिसकावून घेण्याची कटुता आपल्या वाट्याला येत नाही.

वेळेचे बंधन मात्र मोठ्यांनाही असेल तरच टिकते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. तो वाजला की दीड तास घरोघरी मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे ठरले. भोंगा साऱ्या गावासाठी होता, एकट्या मुलांसाठी नव्हता. शहरातल्या सदनिकेत भोंगा नसला, तरी जेवणाच्या वेळी सगळ्यांचे फोन एका टोपलीत ठेवता येतात, आणि त्यात बाबांचा फोन सर्वांत आधी पडला पाहिजे.

मनाईच्या यादीपेक्षा आनंदाची यादी लांब असावी. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, आणि त्यांतली चित्रे व कोडी आजही मुलांना धरून ठेवतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या शेकडो कृती आहेत. तेथे मूल पडद्याकडे दोन मिनिटे पाहते आणि पुढचा तासभर काड्यापेटी, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि चुंबक यांच्यात रमते. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टींची पुस्तके मोफत आहेत. मर्लिन हे ॲप पक्ष्याचा आवाज ऐकून त्याचे नाव सुचवते. ते घेऊन पहाटे गच्चीवर गेलेले मूल आणि बंद खोलीत रील सरकवणारे मूल, दोघांच्याही ‘स्क्रीन टाइम’मध्ये वीस मिनिटेच नोंदली जातात, म्हणून नुसत्या मिनिटांच्या हिशेबावर मी फारसा विसंबत नाही.

मूल दहा-बारा वर्षांचे झाले, की गेममधील गप्पांचा प्रश्न येतो. अनोळखी माणसाशी बोलू नकोस, एवढे सांगून भागत नाही, कारण रोज सोबत खेळणारा ‘दादा’ मुलाला अनोळखी वाटतच नाही. त्याऐवजी ठरावीक खुणा सांगाव्यात: गेम सोडून व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर ये असे म्हणणे, फुकट हिरे किंवा नाणी देऊ करणे, फोटो मागणे आणि ‘घरी सांगू नकोस’ असे बजावणे. यांपैकी शेवटची खूण एकटी दिसली, तरी मुलाने त्याच दिवशी घरी सांगावे.

इन्स्टाग्रामसाठी किमान वय तेरा आहे. मुलाच्या हट्टाखातर खोटे जन्मवर्ष टाकून खाते उघडून देणारे पालक त्याचे कवच स्वतःच काढून घेतात. कारण किशोरवयीनांचे खाते आपोआप खासगी राहते आणि अपरिचितांचे संदेश अडवते, तर प्रौढ म्हणून नोंदलेल्या खात्याला हे संरक्षण मिळत नाही. आपल्याही स्टेटसवर शाळेच्या गणवेशातला, बॅजवरचे नाव वाचता येईल असा फोटो टाकण्यापूर्वी मुलाला विचारावे.

एवढे करूनही काही विपरीत घडले, तर पहिल्या तासात फोन जप्त करू नये आणि आरडाओरडाही करू नये. समोरच्याला ब्लॉक करण्यापूर्वी संभाषणाचे आणि त्याच्या खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट घ्यावेत. मुलाचा आक्षेपार्ह फोटो पसरवण्याची धमकी असेल, तर पैसे देऊ नयेत आणि तो फोटो मदतीसाठीदेखील कोणा नातेवाइकाला पाठवू नये. मुलांचे असे चित्र पुढे पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. ‘टेक इट डाउन’ या विनामूल्य सेवेत मूळ फोटो कोणाकडे न पाठवता, फोनवरच त्याचा अंकीय ठसा (फोटो ओळखू येईल असा सांकेतिक क्रमांक) तयार होतो आणि सहभागी संकेतस्थळे त्या ठशावरून तो फोटो शोधून हटवू शकतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांविषयीच्या गुन्ह्यांची माहिती नाव न देताही कळवता येते. मात्र तपास पुढे जावा असे वाटत असेल, तर नाव देऊन तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीलाच अधिक असते.

मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक मात्र आपल्या फोनमध्ये साठवून उपयोग नाही. तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, मुलाच्याच हाताने ठळक लिहून घ्यावा, म्हणजे आपल्याला सांगण्याचा धीर झाला नाही, तरी शेजारच्या आजींच्या फोनवरूनही त्याला तो लावता येईल.