टीमची बैठक चालवताना या चुका टाळा

ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड झाल्यावर पहिले काही महिने माझी ठाम समजूत होती की माझ्या बैठका अगदी लोकशाही पद्धतीने चालतात. मी प्रत्येकाला मत विचारत असे, फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला लावत असे, आणि शेवटी नेमके तेच ठरत असे, जे मी ठाण्याहून वाशीची लोकल पकडतानाच मनात ठरवलेले असे. एकदा खाली टपरीवर चहा घेताना टीममधला एक जण म्हणाला, "सर, तुमचं ठरलेलंच असेल तर सरळ सांगत जा ना, चिठ्ठ्या कशाला लिहायला लावता?"

फॅसिलिटेशनच्या, म्हणजे स्वतःचा निर्णय न लादता चर्चा घडवून आणण्याच्या, आधारे टीमचे नेतृत्व करू पाहणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक हीच आहे. निर्णय आधीच झालेला असताना मत मागितले, तर लोक दोन-तीन वेळा मनापासून बोलतात आणि नंतर मान डोलावू लागतात. हे मान डोलावणे म्हणजे सहमती नव्हे, हे आपल्याला काम रखडल्यावर कळते. उपाय साधा आहे, पण तो बैठकीच्या पहिल्या मिनिटालाच करावा लागतो. कोणती गोष्ट ठरलेली आहे, कोणत्या गोष्टीवर केवळ सल्ला हवा आहे आणि कोणती गोष्ट पूर्णपणे टीमने ठरवायची आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. रिलीजची तारीख क्लायंटने ठरवली असेल, तर तिच्यावर चर्चेचे नाटक करू नये. त्या रात्री सपोर्टला कोणी थांबायचे, हे मात्र खरोखर टीमवर सोपवावे आणि त्यांनी ठरवलेले आपल्याला गैरसोयीचे वाटले तरी पाळावे.

दुसरी चूक शांततेला घाबरण्याची. प्रश्न विचारल्यावर खोलीत फक्त एसीची घरघर ऐकू येऊ लागली की चौथ्या-पाचव्या सेकंदाला आपणच उत्तर देऊन टाकतो, आणि वरिष्ठाचे उत्तर एकदा आले की पुढची सगळी मते त्याच्याच आसपास फिरतात. अशा वेळी मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. तेवढ्यानेही कोणी बोलले नाही, तर पाच मिनिटे प्रत्येकाने न बोलता आपापले लिहावे, मग एकेकाने वाचून दाखवावे आणि लीडने सर्वांत शेवटी बोलावे. आमच्याकडे पहिल्यांदा असे केले, तेव्हा एरवी गप्प बसणाऱ्या टेस्टरच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: 'पैसे कापले गेले पण ऑर्डर झाली नाही, तर ग्राहकाला काय दिसणार?' त्याआधी आम्ही तासभर त्याच स्क्रीनच्या बटणाच्या रंगावर वाद घालत होतो.

तटस्थ राहणे म्हणजे स्वतःचे मतच नसणे, असाही एक गैरसमज आहे. विषयावर आपले ठाम म्हणणे असेल, तर त्या मुद्द्यापुरती बैठक चालवण्याची जबाबदारी उघडपणे दुसऱ्याकडे द्यावी आणि इतरांसारखे बाजूला बसून बोलावे. दोन्ही भूमिका एकाच वेळी निभावण्याचा प्रयत्न केला, की आपले प्रश्न वकिली थाटाचे होतात.

सेवाभावी नेतृत्वाच्या नावाखाली होणारी चूक याच्या उलट टोकाची आहे. खोली बुक करणे, मुद्दे टिपणे, प्रत्येकाच्या कामाचा पाठपुरावा करणे हे सगळे लीडच करू लागला, तर ती सेवा न राहता टीमची सवय बिघडवणे होते. एटी अँड टी या अमेरिकन दूरसंचार कंपनीत सुमारे चार दशके काम केलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये या नेतृत्वाची कल्पना एका निबंधातून मांडली, तेव्हा त्यांनी लावलेली कसोटीच अशी होती की ज्यांची सेवा केली जाते, ती माणसे अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र होतात का. स्क्रम या सॉफ्टवेअर टीममध्ये रुळलेल्या कार्यपद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेनेही २०२० मध्ये 'सेवक-नेता' हा शब्द बदलून 'सेवा करणारा खरा नेता' अशा अर्थाची मांडणी केली, आणि मला हा बदल योग्य वाटतो, कारण आपल्याकडे 'सेवक' म्हटले की निरोप पोचवणारा शिपाई डोळ्यांपुढे येतो.

बदलापूरहून किंवा पनवेलहून घरबसल्या जोडलेल्यांना शेवटी 'तुमचं काही?' असे विचारू नये. फेरीची सुरुवातच त्यांच्यापासून करावी. एकच व्यक्ती सतत बोलत असेल, तर तिचा मुद्दा तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहावा, कारण मुद्दा नोंदला गेल्याचे दिसले की तो पुन्हापुन्हा मांडण्याची गरज बहुधा उरत नाही.

बैठक संपवताना 'चालेल ना सगळ्यांना?' असेही विचारू नये. या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याऐवजी सर्वांनी एकदम हात वर करून बोटे दाखवावीत: पाच म्हणजे पूर्ण पाठिंबा, बंद मूठ म्हणजे विरोध. तीनपेक्षा कमी बोटे दाखवणाऱ्याला 'का?' असे न विचारता 'काय बदलले तर तीन होतील?' असे विचारावे, आणि जे ठरेल त्यापुढे एका माणसाचे नाव व तारीख तिथेच लिहावी.