निसर्गातली मूलद्रव्यांची चक्रं आणि सूक्ष्मजीव : समजून घेताना या चुका टाळा

नत्रचक्राची आकृती अनेकांना तोंडपाठ असते. बाण योग्य दिशेला, नावं योग्य जागी. तरीही पाणी साचलेल्या जमिनीतलं नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) कुठे गेलं, असं विचारलं की उत्तर अडखळतं. कारण बाणावर जिवाणूचं नाव लिहिलेलं असतं, पण त्या कामातून त्याला काय मिळतं हे कुठेच नसतं. निसर्गाचा समतोल राखण्यासाठी कोणताही जिवाणू राबत नाही. तो जगण्यापुरती ऊर्जा मिळवतो, पेशी बांधायला मूलद्रव्यं घेतो आणि नको ते बाहेर टाकतो. त्याने टाकलेलं दुसऱ्या कुणाचं तरी अन्न ठरतं, आणि चक्र फिरतं. म्हणून प्रत्येक बाणापाशी थांबून विचारा : यात या जिवाचा फायदा काय?

सूक्ष्मजीव फक्त कुजवतात, असं समजणं

कुजवणं हे मोठंच काम आहे, पण ते चक्राचं एक अंग झालं. पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणातून जे सेंद्रिय द्रव्य तयार होतं, त्यातलं जवळपास निम्मं समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव बनवतात. हवेत ऑक्सिजन साठायला सुरुवात झाली ती सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंमुळे. तेव्हा झाडं अस्तित्वातही नव्हती.

काही जिवाणूंना तर प्रकाशही लागत नाही आणि तयार सेंद्रिय अन्नही लागत नाही. सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात बेगियाटोआ हा जिवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवतो हे दाखवलं. पुढे अमोनियावर जगणारे जिवाणूही त्याने वेगळे केले. निर्जीव रसायनांवर जीवन चालू शकतं, ही कल्पना त्या काळी नवी होती. मला ती आजही थक्क करते.

नत्राचे टप्पे एकमेकांत मिसळणं

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा रेंगाळू.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, म्हणजेच नत्र, आहे, पण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडणं फार महागात पडतं. एका रेणूमागे जिवाणूला एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे) किमान १६ रेणू खर्चावे लागतात. त्यामुळे आयता नत्र मिळत असेल तर हे काम, म्हणजे नत्र स्थिरीकरण, सहसा होत नाही. हे काम करणाऱ्या काही जिवाणूंचं घर असलेल्या गाठी मुळांवर का धरत नाहीत, याचं एक कारण यात आहे : जमिनीत नायट्रेट भरपूर असेल तर शेंगवर्गीय वनस्पती गाठी कमी करतात. गाठी आहेत पण काम करतात का, हे पाहायचं तर एखादी कापून बघा. आत गुलाबी किंवा लालसर रंग असेल तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. नत्र स्थिर करणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं, आणि हे प्रथिन मोकळा ऑक्सिजन बांधून ठेवून जिवाणूला श्वसनापुरता पुरवतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती कच्ची, निकामी किंवा म्हातारी आहे.

नायट्रीकरणात नवा नत्र येत नाही. इथे अमोनियाचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवली जाते, आणि त्यासाठी ऑक्सिजन हवाच. ही ऊर्जा तुटपुंजी असल्यामुळे हे जीव सावकाश वाढतात. नव्याने भरलेल्या पाण्यात किंवा ढवळलेल्या गाळात अमोनिया साठून राहतो, त्याचं हे नेहमीचं कारण. या टप्प्याने नत्राचा स्वभावही बदलतो. धनभारित अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहतो, ऋणभारित नायट्रेट पाण्याबरोबर झिरपून जातं.

विनायट्रीकरणात गणित उलटं. ऑक्सिजन नसला की जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि नत्र वायुरूपाने हवेत परततो. पाणी साचलेल्या जमिनीतलं नायट्रेट असंच जातं. मात्र ही वाट नेहमी शेवटपर्यंत जात नाही. मध्येच थांबली तर नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा वायू आहे.

'माती भुसभुशीत आहे, म्हणजे विनायट्रीकरण नाही' हा निष्कर्षही घाईचा. ओल्या ढेकळाच्या बाहेर भरपूर हवा असताना काही मिलिमीटर आत ऑक्सिजन संपलेला असू शकतो. सरासरी मोजमापात ते दिसत नाही. जिवाणूच्या मापाने पाहायला शिका.

आणखी एक, नायट्रीकरण करणारे 'नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर' हे दोन जिवाणू, एवढ्यावर नत्राची गोष्ट संपवू नका. समुद्रात अमोनियाचं ऑक्सिडीकरण मुख्यतः आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) करतात, आणि अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंत एकट्याने जाणारे जिवाणू २०१५ मध्ये सापडले. अमोनियम आणि नायट्राइट यांच्यापासून ऑक्सिजनविना नायट्रोजन वायू बनवणारे अ‍ॅनामॉक्स जिवाणूही आहेत.

ऑक्सिजन संपला की सगळं थांबतं, असं मानणं

थांबत नाही, फक्त कामकरी बदलतात. ऑक्सिजननंतर नायट्रेट, मग मँगनीज, लोह, सल्फेट आणि सर्वांत शेवटी कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन, अशी श्वसनासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांची ही उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर मिळणारी ऊर्जा कमी होत जाते, म्हणून वरचा पर्याय असेपर्यंत खालचे जीव मागे राहतात. प्रत्यक्षात पायऱ्या एकमेकींवर थोड्या सरकतात, पण या क्रमाने पुष्कळ कोडी सुटतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल असतं, म्हणून तिथल्या गाळाच्या वरच्या थरांत मिथेन कमी बनतो. गोड्या पाण्याच्या दलदलीत सल्फेट लवकर संपतं आणि मिथेन बनवणाऱ्या आर्कियांची पाळी येते.

काळ्या, सडक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या चिखलाला 'मेलेला' म्हणणं हीसुद्धा याच जातीची चूक. तो रंग लोह सल्फाइडचा आणि वास हायड्रोजन सल्फाइडचा. सल्फेटवर श्वसन करणारे जिवाणू तिथे जोमात आहेत.

कुजलं की लगेच नत्र सुटतो, ही अपेक्षा

वाळलेलं काड मातीत मिसळल्यावर रोपं पिवळी पडतात, तेव्हा काडात विष होतं असं नाही. काडात कर्ब (कार्बन) आणि नत्राचं प्रमाण ८० ला १ च्या आसपास असतं. ते साधारण २५ ला १ च्या वर असलं की कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना पेशी बांधायला नत्र कमी पडतो आणि ते तो आजूबाजूच्या मातीतून उचलतात. जंगलातल्या पाचोळ्यातही सुरुवातीला अनेकदा नत्र वाढतो, सुटत नाही. कर्ब श्वसनात जळून गुणोत्तर खाली आलं, की मग तो मोकळा होतो. उपाय दोनच : थांबा, किंवा काडाबरोबर नत्रयुक्त ओला पाला मिसळा.

स्फुरदाला (फॉस्फरसला) नत्राचे नियम लावू नका, एवढं इथेच सांगून ठेवतो. त्याचा हवेत म्हणावा असा साठा नाही. सूक्ष्मजीव आम्लं आणि विकरं सोडून खनिजांत किंवा सेंद्रिय द्रव्यात अडकलेला स्फुरद मोकळा करतात. जमिनीत मुळातच नसेल तर कोणताही जिवाणू तो आणू शकत नाही.

विनोग्राड्स्की स्तंभ बिघडतो तेव्हा

हे सगळं डोळ्यांनी पाहण्यासाठी या स्तंभासारखं दुसरं साधन नाही. उंच पारदर्शक बाटलीत तळ्यातला चिखल, कर्बासाठी कागदाचे तुकडे, गंधकासाठी थोडं जिप्सम किंवा अंड्यातलं पिवळं, वर थोडं पाणी, आणि बाटली उजेडात.

सगळा स्तंभ काळा पडला तर कागद किंवा गंधक जास्त झालं. सल्फाइड वरपर्यंत पोहोचून ऑक्सिजन लागणाऱ्यांना जगू देत नाही. पुढच्या वेळी दोन्ही कमी घाला. प्रकाश आणि सल्फाइडवर जगणाऱ्या जिवाणूंचे जांभळे-हिरवे पट्टे दिसलेच नाहीत तर उजेड अपुरा आहे, सल्फेट कमी आहे किंवा तुम्ही फार लवकर बघताय. काही आठवडे द्यावेच लागतात. चिखलात हवेचे बुडबुडे राहिले तर थर तुटक येतात, म्हणून भरतानाच काठीने ढवळून ते काढा. कडक उन्हात बाटली तापते, तिला खिडकीतला सौम्य उजेड पुरतो. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतात. एकदा मांडलेली बाटली हलवू नका.

आणि दुसरी अगदी तशीच बाटली काळ्या कागदात गुंडाळून शेजारी ठेवा. दोन्हींत जे थर सारखे येतील त्यांना प्रकाश लागत नाही. जे फक्त उजेडातल्या बाटलीत दिसतील ते प्रकाशावर जगणारे.