तात्त्विक कादंबरीवर गटात चर्चा कशी घ्यावी

तत्त्वज्ञानाची कादंबरी घेतली की वाचनगट बहुधा एकाच जागी अडतो. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी ‘ही अस्तित्ववादी आहे’ म्हणतं आणि उरलेला वेळ अस्तित्ववादात (आयुष्याला आधीच ठरलेला अर्थ नसतो, तो माणसानं आपल्या निवडीतून घडवायचा, या विचारात) जातो. पुस्तक मिटलेलंच राहतं. ते उघडं राहावं, यासाठीच सगळी तयारी करायची.

सहा ते आठ माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की दोघे-तिघेच बोलतात. कादंबरी दोन बैठकांत वाचा, पण पानं मोजून अर्धी करू नका. कथानक वळतं तिथे थांबा. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूच्या ‘द आउटसायडर’ या कादंबरीत (१९४२) पहिल्या भागात ६ प्रकरणं आहेत, दुसऱ्यात ५. पहिला भाग समुद्रकिनाऱ्यावरच्या खुनापाशी संपतो. तिथे थांबलं, की नायकानं गोळ्या का झाडल्या याचा विचार कोर्टातलं त्याचं उत्तर वाचण्याआधीच करावा लागतो.

प्रत्येकानं दोन उतारे आणावेत: एक पटलेला, एक खटकलेला. पान नव्हे, प्रकरणाचा क्रमांक लिहावा, कारण आवृत्त्या वेगळ्या असतात. अनुवाद वेगळे असतील तर वादातलं वाक्य दोन्हींतून मोठ्यानं वाचा. याच कादंबरीच्या मूळ फ्रेंचमधल्या पहिल्या वाक्यात आईसाठी ‘मामाँ’ हा लेकराच्या तोंडचा शब्द आहे. तिथे औपचारिक शब्द आला, की नायक पहिल्याच ओळीत कोरडा वाटू लागतो. कितीतरी वाद इथेच सुटतात.

सूत्रधारानं पाच प्रश्न काढावेत. त्यांतले तीन झाले तरी पुष्कळ. ‘आयुष्याला अर्थ आहे का?’ हा प्रश्न नको, त्याचं उत्तर पुस्तक न वाचताही देता येतं. ‘खुनाचा खटला असून सरकारी वकील नायकाच्या आईच्या अंत्यविधीवर इतका जोर का देतो?’ असं विचारा. एकाला मुद्दाम वकिलाची बाजू मांडायला सांगा, नाहीतर सगळे नायकाच्याच बाजूनं बोलतात.

कुणी ‘वाद’ जोडलेला शब्द वापरला तर लगेच विचारा: हे कुठल्या प्रसंगात दिसतं? दोन मिनिटांत प्रसंग सापडला नाही, तर शब्द कागदावर टिपून पुढे चला आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याकडे या. आपण अस्तित्ववादी नाही, असं काम्यूनंच १९४५ च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं. नुसत्या शिक्क्यानं काहीच ठरत नाही. सिसिफसवरचा (दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलत राहण्याची शिक्षा भोगणारं ग्रीक पुराणातलं पात्र) त्याचा निबंधही १९४२ चाच, पण तो दुसऱ्या बैठकीनंतर वाचा. आधी वाचला तर कादंबरी निबंधाचं उदाहरण होऊन बसते.

निवेदन प्रथमपुरुषी असेल तर आणखी एक घोटाळा ठरलेला: पात्राचं मत लेखकाच्या नावावर जातं. ‘लेखक म्हणतो’ ऐकू आलं, की ‘कोण म्हणतंय, कुणाला, कधी?’ या तिन्ही प्रश्नांचं उत्तर मागा.

उठण्याआधी प्रत्येकानं आपला खटकलेला उतारा पुन्हा वाचावा आणि तो अजून खटकतो का, एवढंच सांगावं.